अक्काची बी.ए. आणि कायद्यात नसलेला जिल्हा

उदगीर जागचं कधीच हललं नाही. किल्ला आहे तिथं आहे, स्टेशन आहे तिथं आहे, मोंढ्यातलं, म्हणजे धान्यबाजारातलं, आमचं अडतीचं दुकानही लिंबाखाली होतं तिथंच आहे. हलले ते जिल्हे. माझे आजोबा बीदर जिल्ह्यात जन्मले, अप्पांचं लग्न उस्मानाबाद जिल्ह्यात झालं, आणि मी कायदा शिकायला नांदेडला गेलो तर पाठीमागं घर लातूर जिल्ह्यात जाऊन बसलं. एकाच ओसरीवर पाय पसरून आमच्या घराण्यानं तीन जिल्हे उपभोगले. आजोबांनी शेवटी शेवटी पत्त्यात जिल्हा लिहिणंच सोडलं होतं. "पोष्टमनला आपलं घर माहीत हाय, सरकारला न्हाई. पोष्टमनसाठी लिहायचं," असं ते म्हणत.

नवा जिल्हा झाला आणि पाऊस गेला. पावसाला नवा पत्ता कुणी कळवलाच नाही, असं मोंढ्यातले हमाल म्हणायचे. त्या वर्षीचा दुष्काळ मी सांगितला तर तुम्हांला खोटा वाटेल, म्हणून कमी करून सांगतो. आमच्याकडच्या चिमण्या सकाळी आंघोळीला कर्नाटकात जायच्या आणि दुपारी ओल्या पंखांनी परत यायच्या. लोक अंगणात भांडी मांडून बसायचे, त्यांनी पंख झटकले तर थेंब धरता यावा म्हणून. मी स्वतः एका चिमणीवर अर्धी दाढी केली आहे. उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी.

शेतात पीक नाही म्हणजे मोंढ्यात माल नाही. मोंढ्यात माल नाही म्हणजे अडत्याला काम नाही. आणि आमच्या काकांना काम नाही म्हणजे गावाला धोका.

काका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. दुकान दोघांचं, पण अप्पा मालात रमायचे आणि काका कोर्टात. स्वतःची एकही केस नव्हती, तरी दुसऱ्यांच्या तारखांना जाऊन ते मागच्या बाकावर बसत. वकील चुकला तर मान हलवत. त्यांची मान हलली की न्यायाधीश वकिलाला पुन्हा विचारायचे, अशी आख्यायिका होती. ती काकांनीच पसरवली होती. कोर्टाबाहेरच्या पुस्तकाच्या गाड्यावरून ते कायद्याची पुस्तकं आणायचे आणि गादीवर लोळून, दुसरा कुणी रहस्यकथा वाचेल तशी वाचायचे.

आता अक्काचं सांगतो, कारण ही सगळी भानगड तिची आहे. अक्का माझी थोरली बहीण. गावातल्याच कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला पुढं नांदेडला जाऊन बी.एड. करायचं होतं आणि शिक्षिका व्हायचं होतं. आमच्या जातीच्या व्यापाऱ्यांत तेव्हा मुलीनं एवढं शिकणं म्हणजे घरात हत्ती पाळण्यासारखं होतं. हत्ती चांगला, पण ठेवायचा कुठं? अप्पांनी मात्र सगळ्यांसमोर शब्द दिला होता, "पोरगी बी.ए. होईस्तवर लग्नाचं नाव काढायचं न्हाई. न्हाईच झाली बी.ए., तर मग काका म्हणतील ते." आणि काका काय म्हणतील ते ठरलेलं होतं. कंधारला त्यांचे साडू होते, साडूंचा मुलगा होता, मुलाचं खिळेमोळे आणि पत्र्यांचं दुकान होतं. काकांनी साडूला शब्द देऊन टाकला होता. म्हणजे एका पोरीवर दोन भावांचे दोन शब्द होते, आणि मधे एक परीक्षा.

ती परीक्षा तोंडावर आली असताना काका एका दुपारी गाड्यावरून आमच्या विद्यापीठाचा कायदा घेऊन आले.

मी तेव्हा सुट्टीला घरी होतो. काका गादीवर बसले, चष्मा लावला आणि अप्पांना म्हणाले, "अप्पा, ऐका. विद्यापीठाचं राज्य कुठवर, ते हितं छापलंय. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद. संपलं."

"बरं मग?"

"मग लातूर कुठाय?"

"आत्ता झालेला जिल्हा तो. जुन्या कायद्यात त्याचं नाव कसं असंल?"

"तेच तर म्हणून राहिलो मी! नाव न्हाई म्हणजे विद्यापीठ न्हाई. विद्यापीठ न्हाई म्हणजे परीक्षा न्हाई. पोरगी त्या दिवशी जाऊन जे लिहिणार, ते म्हणजे नुसतं लिहिणं. मी हितं बसून दिल्लीला इंदिराबाईला पत्र लिहितो तसं."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "काय रे वकिला? खरं हाय का हे?"

मी कायद्याच्या कॉलेजात गेलो त्याला एक बिनपावसाचा पावसाळा झाला होता. माझा कायदा 'करार' या शब्दापाशी येऊन थांबला होता. पण घरात सगळे वकील म्हणत, आणि वकिलानं माहीत नाही म्हणायचं नसतं एवढं मी शिकलो होतो. मी पुस्तक घेतलं. पाच जिल्हे वाचले. उलटे वाचले. लातूर कुठूनही निघेना. "यात तथ्य असू शकतं," मी म्हणालो, "आणि नसूही शकतं."

"बघा!" काका म्हणाले.

"बघा," अप्पाही म्हणाले. दोघांना माझ्या एकाच वाक्यात आपापलं उत्तर सापडलं होतं.

माजघराच्या दारात अक्का उभी होती. हातात इतिहासाचं पुस्तक, बोट पानात. "म्हणजे मी अभ्यास करू का नको?" तिनं विचारलं.

आम्ही तिघांनीही तिला चहा करायला सांगितलं. तिनं केला नाही. पाणीच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. हुशार पोरं रडकुंडीला आली. मात्र वर्षानुवर्षं नापास होणाऱ्यांनी एसटी स्टँडवर गुलाल उधळला, की विद्यापीठच आपलं नव्हतं तर आपल्याला नापास कुणी केलं? जिल्हा आत्ता झाला आणि ते आधीपासून नापास होते, हे त्यांच्या लक्षात आणून देण्याइतका निर्दयी मी नव्हतो.

अप्पांनी मग मास्टरसाहेबांना बोलावलं. मास्टरसाहेब म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त हेडमास्तर, अप्पांचे जुने दोस्त. त्यांनी पदवी घेतली होती निजामाच्या काळात, हैदराबादला, सगळी उर्दूतून. त्रिकोणाला ते अजून मुसल्लस म्हणायचे आणि पोरं घाबरायची.

"हमारे वक्त सोपं होतं," मास्टरसाहेब गादीवर टेकत म्हणाले. "हुजुरांनी फर्मान काढलं, शिक्का मारला, विद्यापीठ झालं. त्याची हद्द कुठवर? हुजुरांची हद्द जिथवर. जिल्हे मोजायला कुणी बसलं न्हाई."

"आन् हुजूर गेले तेव्हा?" काकांनी पुढं सरकून विचारलं.

"तेव्हा मी याच गावात शाळेत शिकवून राहिलो होतो. आधी आपण बीदरमधे. मग राज्य फुटलं, बीदर तिकडं म्हैसूर राज्यात गेलं, आपण इकडं मुंबई राज्यात आलो. विद्यापीठ राहिलं हैदराबादेत. मग आपल्या मुलखाच्या पोरांनी जायचं कुठं? तर विधानसभेत कायदा झाला, औरंगाबादेत नवं विद्यापीठ झालं. मी खुर्चीवरून उठलो न्हाई बेटा. राज्य उठून गेलं, विद्यापीठ उठून गेलं, मी आपला फळ्यावर मुसल्लस काढून राहिलो."

"मग तुमची जुनी पदवी चालू राहिली का बाद झाली?"

मास्टरसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. "पगार चालू राहिला. म्हणून मी विचारलं न्हाई."

"बघा! विचारलं असतं तर बाद झाली असती!"

मास्टरसाहेबांचा हात दाढीतच थांबला. आले होते आम्हांला धीर द्यायला. जाताना त्यांचाच चेहरा उतरला होता. पुढं कितीतरी दिवस ते मला गल्लीत गाठून हळूच विचारायचे, "वकीलसाब, पेन्शन को तो कुछ नहीं होगा ना?"

शेवटी अप्पा म्हणाले, "नव्या जिल्ह्यालाच जाऊन विचारा की. ज्याचं नाव राहिलंय त्यालाच म्हाईत असंल." म्हणून काका आणि मी लातूरला गेलो.

रस्त्यानं सगळ्या पाट्या नव्या जिल्ह्याच्या नावानं रंगवणं चालू होतं. घाईत जुन्यावरच नवा रंग मारलेला, आणि उन्हानं नवा उडून खालचं उस्मानाबाद परत वर येत होतं. एका पाटीवर दोन्ही नावं एकमेकांत अशी घुसली होती की तो जिल्हा पृथ्वीवर कुठंच नसावा. काकांनी एसटी थांबवायला लावून ती पाटी पुन्हा वाचली. ड्रायव्हरनं थांबवली, कारण त्यालाही वाचायची होती.

लातुरात कचेऱ्या भाड्याच्या घरांतून बसल्या होत्या. एकीकडं साहेब आले होते आणि खुर्च्या यायच्या होत्या. दुसरीकडं खुर्च्या येऊन साहेबांची वाट बघत होत्या. आम्ही विचारत विचारत एका ओसरीवर पोचलो. तिथं एक कारकून मांडीवर फायलींचा ढीग घेऊन पोत्यावर बसला होता. काकांनी त्याला विचारलं, "साहेब, विद्यापीठाच्या कायद्यात आपला जिल्हा घातला का?"

"काका, अजून या ओसरीत दिवा घातला न्हाई," तो म्हणाला.

मग काकांनी त्याला पुस्तक दाखवलं. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. लेखणी खाली ठेवली. "थांबा, थांबा. माझी पोरगी निलंग्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला हाय. मग तिचं काय?"

"तेच विचारायला आलो आम्ही."

"अहो, मी तुम्हांला विचारून राहिलो!"

आम्ही प्रश्न घेऊन गेलो होतो आणि तिथं तो पेरून आलो. निघताना मागं पाहिलं तर तो कारकून शेजारच्या ओसरीवरच्या कारकुनाला बोटांवर जिल्हे मोजून दाखवत होता. पाच बोटं संपली की दोघं सहाव्या बोटाच्या शोधात एकमेकांच्या हाताकडं बघायचे.

उरलं नांदेड. तिथं आमच्या कॉलेजात एक सर होते, सकाळी शिकवायचे आणि दिवसा वकिली करायचे. गोदावरीचं नुसतं वाळवंट झालं होतं, बाया वाळूत झिरे खणून वाटीनं घागरी भरत होत्या, आणि सर गच्चीवर पंचा गुंडाळून कायदा वाचत होते. काकांनी प्रश्न मांडला. सरांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, जसं उन्हाळ्यात कुणी उसाचा रस पुढं केल्यावर येतं.

"याला तीन उत्तरं आहेत," सर म्हणाले. "एक. कायदा झाला त्या दिवशी उस्मानाबाद जेवढं होतं, तेवढं कायद्यापुरतं कायमचं उस्मानाबाद. तेव्हा उदगीर त्यात होतं, म्हणजे आजही विद्यापीठात आहे. दोन. जिल्हा म्हणजे सरकार आज ज्याला जिल्हा म्हणतं तो. मग उस्मानाबाद आक्रसलं आणि तुम्ही बाहेर. तीन. जिल्हा फोडला तरी जुने हक्क जिवंत राहतात. मग तुम्ही बाहेर असूनही आत."

"बाहेर असूनही आत," काका पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत मी असा भक्तिभाव महादेवाच्या पिंडीसमोरही पाहिला नव्हता. "यातलं खरं कोणतं, सर?"

"ते हायकोर्टात गेल्यावर कळेल."

"किती दिवसांत?"

"सावकाश लागेल निकाल. पण लागेल तेव्हा नावाजला जाईल."

पुढं बऱ्याच वर्षांनी नांदेडलाच वेगळं विद्यापीठ झालं, त्याच्या हद्दीत लातूरचं नाव आलं, आणि मग परभणीतून हिंगोली फुटून निघाला तेव्हा मी मनातल्या मनात म्हणालो, चला, आता तिकडच्या कुणाचे तरी काका पुस्तक विकत घेतील. पण त्या दिवशी आम्ही तीन उत्तरं घेऊन एसटीत बसलो आणि कंधार येईपर्यंत माझ्या डोक्यात त्यांची नऊ झाली. कंधारला काका साडूंना उभ्या उभ्या भेटून आले. येऊन म्हणाले, "साडू म्हणतो, अक्षयतृतीयेच्या आत काय ते सांगा. पाण्याचा टँकर आधी सांगावा लागतो."

म्हणजे प्रश्न आता सरळ झाला होता. परीक्षा खरी धरायची तर अप्पांचा शब्द चालू. खोटी धरायची तर अक्का याच उन्हाळ्यात कंधारला.

दुसऱ्या दिवशी दुकानातच बैठक बसली. गादीवर अप्पा आणि काका समोरासमोर, मी मधे, अव्वा, म्हणजे आमची आई, पडद्यामागं. अक्का पडद्याच्या पुढं. पहिलं तोंड तिनंच उघडलं.

"काका, एक विचारू? तुमी पाच पोती जवारी घेतली. घरी आणता आणता एक पोतं फुटलं. निम्मी जवारी दुसऱ्या पोत्यात भरली. आता पोती झाली सहा. सहावं कोनाचं?"

अप्पांच्या मिशीत हसू आलं. काकांनी अक्काला लहानपणी या गादीवरच मोजायला शिकवलं होतं. तिच्याकडं पाहताना त्यांनाही क्षणभर अभिमान लपवता आला नाही. पण कायदा तो कायदा. "पोरी, जवारी माझीच. पन मोंढ्यात पोतं वळखतात ते मार्क्यावरनं. नव्या पोत्यावर दुसऱ्याचा मार्का पडला, तर मी लाख म्हणलो माझी, कोन ऐकंल? लातूरवर विद्यापीठाचा मार्का कुठाय?"

हे इतकं बरोबर होतं की अप्पांचं हसू मिशीतच वाळलं. मला सरांची तीन उत्तरं आठवली आणि त्यांत पोती मिसळून माझी पार आमटी झाली. गाडी तिथंच अडली.

असं झालं की आमच्या घरी एक रीत होती. मोंढ्यात तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. विकणारा आणि घेणारा दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचे आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचे. तोंडानं फक्त शेकडा का हजार एवढंच आधी बोलायचं. ज्याचा माल त्यानं ते बोलायचं. आणि एकदा 'मंजूर' म्हटलं की आभाळ फाटलं तरी सौदा फिरायचा नाही. अप्पा आणि काका जन्मात एकमेकांशी मोठ्या आवाजात भांडले नाहीत; जे अडलं ते असंच उपरण्याखाली सोडवलं. कोणता बैल विकायचा, वाटणी करायची का नाही, काकांचं स्वतःचं लग्न कधी, सगळं बोटांनी ठरलं.

अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि हातांवर टाकलं.

काकांनी डोळे मिटले. सौद्याच्या वेळी ते नेहमी मिटायचे. डोळे मिटले की बोटांना जास्त दिसतं म्हणायचे. उपरणं हलू लागलं. लग्न किती महिन्यांनी, हे चाललंय एवढं मला कळत होतं. काकांचं बोट एकच असणार. अप्पा निकाल लागेपर्यंतचे चार म्हणत असावेत, कारण कोपरापाशी त्यांची शीर ताठ होती. पुन्हा एक, पुन्हा चार. एवढ्यात अप्पांना खोकला आला. दुष्काळात मोंढ्यात धान्य नसलं तरी धूळ भरपूर होती. आला असेल खराच. पण मी त्यांना खोकताना आयुष्यभर पाहिलंय, आणि खोकताना हात उपरण्याखालून काढून घेतलेला त्या एकाच वेळी पाहिला.

अक्कानं बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, गादीच्या कडेला टेकली आणि रिकाम्या जागी आपला हात घातला.

काकांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. चारावरून कुणीतरी खाली आलं होतं. त्यांनी समाधानानं मान हलवली, कोर्टात हलवायचे तशी, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "दोन. मंजूर!"

डोळे उघडले तर अप्पा बाजूला मडक्यातलं घोटभर पाणी पीत होते आणि काकांचा हात अक्काच्या हातात होता.

"दोन वर्षं," अक्का म्हणाली.

"दोन महिने!" काका ओरडले.

"महिने कोन म्हणलं?"

काकांनी अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी माझ्याकडं. मी आठवून पाहिलं. भावना अनावर झाल्या होत्या म्हणा, पोती डोक्यात होती म्हणा, पण त्या दिवशी दोघांतल्या कुणीही तोंडानं महिने, दिवस, वर्षं काहीच बोललं नव्हतं. उभ्या मोंढ्यात कधी झाली नव्हती अशी चूक दोन मुरलेल्या अडत्यांच्या हातून झाली होती.

"न्हाई बोललं तर ज्याचा माल त्याचा शब्द," अक्का म्हणाली. "हीच रीत ना काका? तुमीच शिकवली. मग सांगा, हितं माल कोन? मीच ना? माझा माल, माझा शब्द. वर्षं."

पडद्यामागं अव्वाच्या हातातलं काहीतरी पडलं.

"बाईमानसाचा हात उपरण्याखाली... असा सौदाच न्हाई..." काका शब्द शोधू लागले.

"उपरण्याखाली हात कोनाचा, हे कोन बघतं?" अप्पा तोंड पुसत म्हणाले. "दोघांनी मिळून एवढी वर्षं त्याच्यावरच तर पोट भरलं. मंजूर म्हणलास का न्हाई?"

"म्हणलो."

"मग?"

"पन दोन वर्षं कशाला?" काकांचा आवाज आता भांडणाचा राहिला नव्हता.

"एक बी.एड.ला," अक्का म्हणाली. "आन् एक, तुमचं बरोबर निघालं आणि बी.ए. खोटी ठरली तर पुन्हा द्यायला. तुमच्याच साठी ठेवलंय ते वर्ष."

काकांनी उपरणं उचलून त्याखाली पाहिलं. विद्यापीठ, जिल्हा, मार्का, सौदा यांतलं नेमकं कुठं आपण घसरलो, ते त्यांना सापडेना. मलाही सापडलं नाही, आणि मी त्यानंतर रीतसर वकील झालो आहे.

साडूंना सांगायला काका स्वतः कंधारला गेले. त्यांनी साडूंना कायद्याची तीनही उत्तरं दिली म्हणे. साडूंनी दोन ऐकली आणि मुलाचं हदगावकडं जमवून टाकलं. नांदेड जिल्ह्यातली मुलगी, तिच्या जिल्ह्याचं नाव छापलेलं आहे, असं म्हणाले. अक्कानं गावातच परीक्षा दिली. पास झाली, दुसऱ्या वर्गात. गुणपत्रक आलं तेव्हा काकांनी ते उन्हात धरून, उलटंपालटं करून पाहिलं. त्यावर विद्यापीठाचं नाव होतं आणि जिल्हा कुठलाच नव्हता. "हुशार लोक हायेत," एवढंच काका म्हणाले.

नांदेडला तिच्या बी.एड.च्या प्रवेशाला मी, अक्का आणि काका गेलो. अप्पांनी काकांना मुद्दाम पाठवलं का काका आपणहून निघाले, यावरही घरात दोन मतं आहेत. पत्र्याची ट्रंक काकांच्याच डोक्यावर होती. खिडकीपुढं रांग लागलेली. ऊन असं, की रांगेतल्या माणसांच्या सावल्या भिंतीखाली सरकून बसल्या होत्या. आमची पाळी आली. खिडकीतल्या बाबूंनी गुणपत्रक पाहिलं आणि विचारलं, "गाव?"

"उदगीर," अक्का म्हणाली.

"उदगीर म्हणजे आता लातूर जिल्हा ना?" बाबूंनी टाक कानावर ठेवला. "थांबा हं. लातूर आपल्या विद्यापीठात येतं का? विचारावं लागेल वर."

अक्काचा चेहरा एकदम पांढरा पडला. मी तिचा तसा चेहरा बैठकीच्या दिवशीही पाहिला नव्हता. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी वकील, मी घसा साफ केला आणि घसाच साफ करत राहिलो, कारण माझ्याकडं नऊ उत्तरं होती आणि पहिलं कोणतं द्यायचं ते ठरेना.

तेवढ्यात काकांनी ट्रंक खाली ठेवली. मोठा आवाज झाला. त्यांनी खिडकीच्या गजांना दोन्ही हातांनी धरलं.

"येतं म्हणजे? येतं का म्हणून काय विचारून राहिले तुमी?" काका म्हणाले. "बाहेर असूनही आत येतं! जरा पहिल्यापासनं ऐका बाबूसाहेब. आधी आमी बीदर जिल्ह्यात होतो. तेव्हा विद्यापीठ हुजुरांचं, फर्मानावरचं..."

बाबू म्हणाले, "अहो, मागं लोक..."

"लोकांनाबी कळू द्या. तर फर्मान म्हणजे काय?"

रांगेतले लोक आधी ओरडले, मग ऐकू लागले, मग त्यांच्यातलेच दोघं 'पण परभणीचं काय?' विचारायला लागले. एक म्हातारा म्हणाला, आमचंही गाव आधी दुसरीकडं होतं. बाबूंनी एकदा घड्याळाकडं, एकदा रांगेकडं आणि एकदा काकांच्या गजांवरच्या मुठींकडं पाहिलं. मग त्यांनी काही न बोलता शिक्का उचलला, अक्काच्या कागदावर मारला आणि आतल्या दाराकडं बोट केलं.

अक्कानं ट्रंक उचलली. काका तेव्हा राज्यपुनर्रचनेपाशी पोचले होते. औरंगाबादचा कायदा यायला अजून बराच अवकाश होता, आणि ती आत गेलीसुद्धा होती.